बघ्यांची गर्दी आणि पंचांची वानवा

गुन्हा घडला की आपल्याकडे घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचतो तो बघ्या. पोलीस त्याच्यानंतर येतात, रुग्णवाहिका बहुधा त्याहून उशिरा येते आणि न्याय, आलाच तर, कित्येक वर्षांनी येतो. बघ्याला मात्र निरोप धाडावा लागत नाही. काय झाले, कसे झाले, किती गेले याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. तपास कोणत्या दिशेने व्हायला हवा हेही तो शेजारच्याला समजावून सांगतो. फक्त एक गोष्ट त्याला विचारायची नसते. ती म्हणजे, ‘आपले नाव काय आणि आपण सही कराल का?’

या बघ्याविषयी तुच्छतेने लिहिण्याचा माझा हेतू नाही. कुतूहल हा काही अपराध नव्हे. शेजाऱ्यावर संकट आले असता दाराला कडी लावून बसणाऱ्यापेक्षा धावत बाहेर येणारा माणूस केव्हाही बरा. तो धावत आला याबद्दल तक्रार नाही. धावत येऊन तो करतो काय, आणि त्याच्याकडून काही मागितले की तो जातो कुठे, याचा विचार मात्र व्हायला हवा. वृत्तपत्रातील नोकरीमुळे अशा बऱ्याच जागा मी पाहिल्या. त्यांतली एक अगदी साधी होती. तिची बातमी एका स्तंभात मावली होती. पण आपल्या न्यायव्यवस्थेचे दुखणे मला जितके तिथे समजले, तितके मोठमोठ्या खटल्यांच्या वार्तांकनातही समजले नाही.

२०११ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पुण्याच्या पश्चिमेला एक जुने उपनगर आहे. बैठे बंगले, त्यांच्या जागी उठलेल्या तीन-चार मजली सोसायट्या, सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक, संध्याकाळी देवळाच्या पारावर गप्पा. या वस्तीच्या मधोमध दीड-दोनशे पावलांचा बाजार आहे. किराणा, औषधे, पिठाची गिरणी, झेरॉक्स, डेअरी, कोपऱ्यावर रसवंती, बदामाच्या झाडाखाली इस्त्रीवाल्याची टपरी आणि मध्यभागी एक छोटी सराफी पेढी. पुण्यात दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात, यावर उभ्या महाराष्ट्राने पुष्कळ विनोद केले आहेत. चोरांनी मात्र ती वेळ विनोदावारी नेली नाही. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्यांनी पेढीचे शटर उचकटले. साऱ्या दुकानदारांनी मिळून ठेवलेला साठीचा रखवालदार आवाज ऐकून पुढे आला. त्याच्या डोक्यात मागून कटावणीचा घाव बसला. नांदेडकडून पोटासाठी आलेल्या या माणसाला सगळा बाजार ‘मामा’ म्हणत असे. मामा जगले, पण त्यांचा डावा कान कायमचा गेला.

मी पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. दोनेकशे माणसे जमली होती. पेढीच्या पायरीवर रक्त सांडले होते, ते कुणीतरी दोन बादल्या पाणी टाकून धुऊन काढले होते. ‘बायकापोरांची ये-जा असते, बरे दिसत नाही,’ असे त्याचे कारण मला सांगण्यात आले. भावना चांगलीच होती! चोरांनी पळताना टाकलेली कटावणी गटाराच्या कडेला पडली होती. ‘सापडली, सापडली’ असा गलका झाला आणि ती या हातातून त्या हातात फिरत पायरीवर आणून ठेवली गेली. निदान चार जणांनी ती वजन करून पाहिली. शटरच्या वाकलेल्या पट्टीवरून अनेकांनी बोटे फिरवली. लहान मुलांना खांद्यावर घेऊन तो वाकलेला भाग दाखवण्यात येत होता.

हवालदार वयस्क होते. त्यांनी काठी आपटून लोकांना मागे सारले आणि बऱ्यापैकी आर्जवाने सांगितले, ‘दोन पंच पाहिजेत. लिहिणं होईपर्यंत थांबायचं, वाचायचं, सही करायची. तासाभराचं काम आहे.’

त्यानंतरच्या पाच मिनिटांत जे घडले ते पाहण्यासारखे होते. गर्दीला मागे सारायला काठी लागली होती, ती आता आपोआप विरळ होऊ लागली. किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकांची आठवण झाली. औषधविक्रेते म्हणाले, ‘साहेब, औषधाचं दुकान टाकून कसं येऊ?’ इतका वेळ ते दुकान टाकूनच उभे होते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मघापासून पोलिसांच्या ढिलाईवर चांगले व्याख्यान दिले होते. त्यांना डॉक्टरांनी फार वेळ उभे राहू नका असे सांगितले होते. झेरॉक्सवाल्या तरुणाला त्याच्या वडिलांनी दंडाला धरून आत नेले. मी स्वतः तयारी दाखवली, तेव्हा हवालदार हसले. ‘तुम्ही पेपरवाले. उद्या कोर्टात वकील म्हणेल, बातमीसाठी उभे राहिले. तुम्ही नको,’ असे ते म्हणाले आणि त्यात तथ्य होते.

अखेर पुढे आला तो इस्त्रीवाला. निखाऱ्यांवर राख टाकून, हात पुसत तो आला आणि म्हणाला, ‘मामांनी रोज माझ्या टपरीवर नजर ठेवलीय. मी करतो सही.’ दुसरा पंच काही केल्या मिळेना. तेव्हा हवालदारांनी फोन केला आणि पंधरा मिनिटांत मोटारसायकलवरून एक इसम हजर झाला. त्याचा त्या बाजाराशी काही संबंध नव्हता. हवालदारांना तो नावाने ओळखत होता आणि पंचनाम्याचा मसुदा त्याला लिहिणाऱ्यापेक्षा अधिक पाठ होता.

महिनाभराने दोन संशयित पकडले गेले. थोडी चांदी मिळाली. तिच्या जप्तीच्या पंचनाम्यावरही त्याच मोटारसायकलवाल्याची सही होती. पुढे खटला उभा राहिला. निकाल लागला २०१५ साली. त्या दिवशी मी शिवाजीनगरच्या न्यायालयात मामांच्या शेजारी बसलो होतो. कटावणीवर उपयोगी पडेल असा एकही ठसा मिळाला नव्हता. मामांना मागून मारले होते, त्यामुळे त्यांना कोणाला ओळखता आले नव्हते. राहता राहिले पंच. मोटारसायकलवाला त्याच चौकीच्या आणखी बऱ्याच प्रकरणांत पंच असल्याचे बचावाच्या वकिलांनी त्याच्याच तोंडून वदवून घेतले होते. इस्त्रीवाला तीन तारखांना आला होता. एकदा वकील गैरहजर, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा वेळ संपली. तिन्ही दिवसांची त्याची मजुरी बुडाली. साक्षीदाराला भत्ता मिळतो, तो कुठे मागायचा हे त्याला कुणी सांगितले नाही. चौथ्या तारखेपर्यंत त्याने टपरी हलवून गाव गाठले होते आणि समन्स परत आले. संशयाचा फायदा देऊन दोघांनाही सोडण्यात आले.

निकालात मला काही चूक दिसली नाही. तसल्या पुराव्यावर कुणाला शिक्षा झाली असती, तर तेच भयंकर ठरले असते. पण बाहेरच्या व्हरांड्यात मामांनी उजवा कान माझ्याकडे करून विचारले, ‘साहेब, मग मला मारलं कुणी?’ या प्रश्नाचे उत्तर निकालपत्रात नव्हते, कारण ते चार वर्षांपूर्वी पायरीवरून धुऊन टाकण्यात आले होते.

या ठिकाणी पंच म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे. ‘पंचामुखी परमेश्वर’ ही आपल्या गावगाड्याची जुनी श्रद्धा. कायद्याने तो शब्द आणि त्यामागची कल्पना उचलली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे झडती घेताना त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना पोलिसांनी बोलवावे, अशी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलम १०३ मध्ये हीच तरतूद कायम राहिली. घटनास्थळाचा पंचनामाही याच रिवाजाने होतो. लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय झडतीला नकार देणे हा अपराध आहे, हेही कायदा सांगतो. पण तसा आदेश सहसा कोणी काढत नाही, कारण ज्याला बळेच उभे केले तो पुढे कोर्टात फिरणार हे पोलिसांना ठाऊक असते.

कायद्याने परिसरातलाच माणूस का मागितला? पोलीस हा खटल्यातील एक पक्ष आहे. त्याने जे पाहिले म्हणून लिहिले ते खरेच तेथे होते काय, हे सांगायला त्याच्या ताटाखालचे नसलेले दोन डोळे हवेत. म्हणजे पंच हा पोलिसांचा मदतनीस नव्हे. नीट पाहिले तर तो पोलिसांवरचा पहारेकरी आहे. निरपराध माणसाच्या घरी उद्या कोणी पिस्तूल ‘सापडवले’ तर ‘माझ्यासमोर असे काही सापडले नाही’ असे सांगणारा तोच. ज्या समाजात असे पहारेकरी मिळत नाहीत, तेथे ठेवणीतले पंच तयार होतात. मग गुन्हेगार सुटतात आणि कधी निरपराध अडकतात. ही दोन्ही फळे एकाच झाडाची आहेत.

लोक पंच का होत नाहीत याची कारणे खोटी नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराचा एक दिवस म्हणजे खरोखरीच नुकसान. तारखा पडतच राहतात. साक्षीदारांची तपासणी एकदा सुरू झाली की ती रोजच्या रोज पुरी करावी, हजर साक्षीदाराला विनाकारण परत पाठवू नये, असे संहितेने कधीपासून सांगून ठेवले आहे. व्यवहारात साक्षीदार कॉरिडॉरमध्ये उभा राहतो आणि त्याच्यासमोरच्या बाकावर आरोपीचे मित्र बसलेले असतात. उलटतपासणीत त्याचीच अब्रू काढली जाते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण काही हवेतून आलेली नाही. पण ती म्हण भाऊबंदकीच्या दाव्यांपायी घरे बुडवणाऱ्यांसाठी होती. बांधावरून भांडू नका, असा तिचा अर्थ. शेजाऱ्याचे डोके फुटलेले पाहिले तरी तोंड उघडू नका, असा अर्थ आपण आपल्या सोयीने लावून घेतला.

कोणी म्हणेल, एका सराफाच्या शटरवरून एवढे तत्त्वज्ञान कशाला? म्हणून याच शहरातल्या दुसऱ्या एका शांत उपनगराकडे वळतो. कोरेगाव पार्क म्हणजे वडाच्या झाडांचे रस्ते, जुने बंगले, ओशो आश्रम, त्याच्या आधाराने वाढलेली छोटी दुकाने आणि उपाहारगृहे. तेथील जर्मन बेकरी ही तरुणांची आणि परदेशी पाहुण्यांची बसण्याची जागा. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास तेथे ठेवलेल्या एका बेवारस बॅगेतल्या बॉम्बचा स्फोट झाला. १७ जण गेले, ५० हून अधिक जखमी झाले. त्यांत पुण्यात शिकायला आलेली मुले होती, परदेशी नागरिक होते. प्रारंभी अनेकांना गॅसचा सिलिंडर फुटला असेच वाटले. आसपासचे लोक आत धावले आणि जखमींना बाहेर काढू लागले. त्यांनी ते केले हे योग्यच. जीव वाचवणे आणि पुरावा राखणे यांत निवड करायची वेळ आली तर पुरावा गेला तरी चालेल, याबद्दल दुमत असू नये.

आठवडाभराने मी तेथे गेलो होतो. जीव वाचवण्याची घाई केव्हाच सरली होती. दोरीपलीकडे मोडकी जागा आणि पहारा, दोरीअलीकडे फुले, विझलेल्या मेणबत्त्या आणि माणसे. कुणी हळहळत होते, कुणी कॅमेरा उंच धरून छायाचित्र घेत होते. दोन तरुण स्फोटाच्या वेळी आपण कोठे होतो ते रंगवून सांगत होते. मी त्यांना सहज विचारले, की हे पोलिसांना सांगितलेत का? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी काही अभद्र बोललो. ‘आपण कशाला त्या लफड्यात पडा?’ असे म्हणून ते निघून गेले. त्यांच्या सांगण्यात काही तथ्य होते की नव्हते, देव जाणे. ते तपासायचे काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे होते. तेथवर ते पोहोचलेच नाही.

पुढे या प्रकरणात एका आरोपीला पुण्याच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्फोट आणि कटाच्या आरोपांतून त्याला मुक्त केले. ते आरोप सिद्ध झाले नाहीत, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम राहिली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण एप्रिल २०१३ मध्ये ज्यांनी ‘न्याय झाला’ म्हणून पेढे वाटले आणि मार्च २०१६ मध्ये ज्यांनी ‘न्याय मेला’ म्हणून कपाळाला हात लावला, त्यांना एक सांगावेसे वाटते. न्यायालय टाळ्यांवर चालत नाही. ते साक्षीवर चालते आणि साक्ष ही आकाशातून पडत नाही. ती तुमच्याआमच्यासारख्या माणसांना पायऱ्या चढून जाऊन द्यावी लागते. बेकरी २०१३ साली पुन्हा सुरू झाली. मी पुन्हा गेलो तेव्हा दारात तपासणी होती आणि आत तरुणाई पूर्वीसारखीच गप्पांत होती. आयुष्य पुढे जाते आणि ते जावेच. पण दाराशी पिशव्या तपासून घेण्याची सवय आपण जितक्या सहज लावून घेतली, तितक्या सहज साक्ष देण्याची सवय का लावून घेतली नाही, हा प्रश्न मी तेथून बरोबर घेऊन आलो.

आता एक उलट उदाहरण. तेही योगायोगाने एका बेकरीचेच आहे, मात्र पुण्यातले नव्हे. १ मार्च २००२ रोजी दंगलीच्या वणव्यात वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १४ जणांना मारण्यात आले. जून २००३ मध्ये तेथील न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. मुंबईतील न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप दिली. जुलै २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. ही शिक्षा कशावर टिकली? त्या बेकरीत कामाला असलेल्या, स्वतः जखमी झालेल्या कामगारांच्या साक्षीवर. भट्टीवर राबणारी, पोटासाठी परमुलखात आलेली ही माणसे. त्यांना ना वशिला होता, ना पैसा. ज्यांना गप्प बसण्याचे सर्वांत मोठे कारण होते, ते बोलले आणि त्यांचे बोलणे दहा वर्षांनंतरही न्यायालयाच्या कसोटीला उतरले. आमच्या बाजारातही पुढे आला तो इस्त्रीवालाच. सुशिक्षितांनी याचा कधीतरी विचार करावा.

अलीकडे एक नवे उत्तर ऐकू येते. आता कॅमेरे आले, पंचांची गरज काय? नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे आहे, ते मोबाइलवरही चालते. कलम १७६ प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. दोन्ही तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण तज्ज्ञ येईपर्यंत पायरी कोणी धुऊन टाकली तर तो काय गोळा करणार? आणि कॅमेरा जिकडे रोखला तेवढेच दाखवतो. तो रोखण्यापूर्वी काय झाले, हे त्याला विचारता येत नाही. दुकानांतल्या कॅमेऱ्यांची तोंडे तर बहुधा स्वतःच्या गल्ल्याकडे असतात आणि काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते. यंत्राने माणसाच्या साक्षीला बळकटी येईल, पण त्याची जागा भरून निघणार नाही.

भीतीचेही काही उपाय झाले आहेत. अपघातग्रस्ताला इस्पितळात नेणाऱ्याच्या मागे पूर्वी पोलिसांचा ससेमिरा लागे, म्हणून लोक रक्तबंबाळ माणसाला वळसा घालून जात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य करून देशभर लागू केली. नव्या संहितेत साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि स्त्रियांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. बाजारातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? कायदा नागरिकाच्या बाजूने बदलतो तेव्हा तो कुणी सांगायला येत नाही, हे आपले दुर्दैव.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार अवघड नाही. प्रत्येक उपनगरात व्यापाऱ्यांचा संघ असतो. तो गणपतीची वर्गणी काढतो, दिवाळीत रोषणाई करतो, अतिक्रमणविरोधी पथक आले की एकजुटीने उभा राहतो. त्याच संघाने वर्षाला दहा जणांची यादी करावी. या वर्षी बोलावणे आले तर हे दहा जण पाळीपाळीने पंच म्हणून जातील आणि त्या दिवशी शेजारचा दुकानदार त्यांचा गल्ला सांभाळेल. एका दुकानात एक लांब दोर आणि एक ताडपत्री ठेवावी. गुन्हा घडला तर दोर बांधावा, पाऊस असेल तर ताडपत्री धरावी. काहीही उचलू नये, काहीही धुऊ नये. ज्याच्या कॅमेऱ्यात रस्ता येतो त्याने त्याच दिवशी चित्रण वेगळे काढून ठेवावे. पंच झालेल्याने कागद पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नये, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. आपण काय पाहिले ते घरी येऊन वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. चार वर्षांनी उपयोगी पडेल.

पोलिसांनीही ठेवणीतला पंच बोलावण्याचा मोह टाळला पाहिजे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावताना सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेतो, तसे निदान गंभीर गुन्ह्यांत तरी करता येते. पण परिसरातल्या माणसाला त्या जागेची जी ओळख असते, ती बाहेरून आणलेल्या कारकुनाला कशी असणार? शटर काल सरळ होते आणि आज वाकले आहे, हे रोज पाहणाराच सांगू शकतो. न्यायालयांनी साक्षीदाराला बसायला वेगळी खोली, प्यायला पाणी, तारीख रद्द झाल्यास आदल्या दिवशी फोन आणि साक्ष झाल्यावर हातोहात भत्ता एवढे दिले तरी निम्मा प्रश्न सुटेल. यांतले काहीही करायला घटनादुरुस्ती लागत नाही.

मोठा गुन्हा घडला की आपण मेणबत्त्या घेऊन चालतो, ‘फाशी द्या’ म्हणून घोषणा देतो. संताप खरा असतो, मी त्याची टिंगल करणार नाही. पण मोर्चात दहा हजार माणसे चालली म्हणून न्यायालयासमोरचा पुरावा तसूभरही वाढत नाही. दोन माणसे पंच म्हणून ठामपणे उभी राहिली तर तो वाढतो. लोकशाहीत मत देणे हे जसे कर्तव्य, तसेच साक्ष देणे हेही. पहिले पाच वर्षांतून एकदा, तेही सुट्टीच्या दिवशी करायचे असते. दुसरे नको त्या वेळी येते, गल्ला सोडायला लावते, म्हणून ते आपण इस्त्रीवाल्यावर सोपवून मोकळे झालो आहोत.

शहाण्यांनी कोर्टाची पायरी चढायची नाही असे ठरवले. त्याने पायरी ओस पडली नाही. तिच्यावर सराईत आरोपी आले, सराईत पंच आले आणि त्यांची तेथे चांगली ऊठबस जमली. ती पायरी आता आपली आहे, असे त्यांना वाटू लागले तर दोष त्यांचा थोडा आणि आपल्या शहाणपणाचा अधिक.